'सध्या काय करून रायला?' – रिकामं बसल्यानं माणसाच्या डोक्याचं काय होते

वावरातला_इंजिनियर (धागाकर्ता)

मंडळी, हा धागा लय दिवसांचा डोक्यात होता, आज लाईन आहे अन् दुकानात गर्दी नाही म्हणून टाकतो. माझं गावात ऑनलाईनचं दुकान आहे, दारव्हा तालुका. सातबारा, पीकविमा, आधार, लाडक्या बहिणीची केवायसी, आणि सगळ्यात जास्त भरतीचे फॉर्म. म्हणजे आसपासच्या गावातला जो जो काम शोधतो तो कधी ना कधी माझ्या समोरच्या खुर्चीत बसून गेलेला आहे. मी स्वतः मेकॅनिकल, पण ते असो.

सरकारी हिशोबात पाहिलं तर आमच्या गावात बेरोजगार जवळपास कोणीच निघणार नाही. पीएलएफएस नावाचा जो सरकारचा रोजगाराचा सर्वे होतो त्यात आठवड्याच्या हिशोबाने, मागच्या सात दिवसात एखाद्या दिवशी तासभर जरी काम केलं तरी माणूस कामावर धरतात, आणि घरच्या वावरात बिनपगारी हात लावला तरी ते कामच. बीएस्सी झालेला पोरगा बापासोबत मोटर चालू करायला गेला की सुटला यादीतून. वर्षाच्या हिशोबाने देशाचा २०२३-२४ चा आकडा ३.२ टक्के आहे, फक्त १५ ते २९ वयाचे घेतले तर १०.२. ठीक आहे, मोजायची पद्धत असते. पण ज्याला कोणी बेरोजगार मानतच नाही त्याच्या डोक्यातलं कोण पाहणार, हा माझा प्रश्न आहे.

माझं निरीक्षण सांगतो, सगळे सारखे नसतात. पोलीस भरतीवाले पोट्टे त्यातल्या त्यात बरे. पहाटे उठून रस्त्यानं पळतात, सोळाशे मीटर, गोळाफेक, घोळक्यानं जातात, नापास झाले तरी घोळक्यानंच होतात अन् संध्याकाळी एकमेकाला शिव्या देऊन हसतात. दिवसाला काहीतरी आकार असतो त्यांच्या. अठ्ठावीस वय झालं (आरक्षणात तेहतीस) की ते दार बंद, मग कोणी ट्रॅक्टर चालवतो, कोणी पुण्याला जातो. वाईट वाटते पण संपते.

एमपीएससी, तलाठी, वनरक्षक, ग्रामसेवक असं सगळंच भरणाऱ्यांचं तसं नाही. राज्याच्या बऱ्याच पदांना अडतीस अन् राखीव ला त्रेचाळीस वय आहे, म्हणजे दार इतकं वर्ष उघडं की माणसाला स्वतःला बस झालं म्हणता येत नाही. २०२३ ची तलाठी भरती आठवते ना, साडेचार हजारांच्या थोड्या वर जागा अन् अर्ज दहा लाखाच्या वर, फी हजार रुपये, राखीवला नऊशे. त्या पंधरवड्यात माझ्या दुकानात पोरांच्या हातात ज्या नोटा होत्या त्या बहुतेक आईच्या बचत गटाच्या.

फॉर्म भरताना 'सध्याचा व्यवसाय' असा रकाना येतो तिथं सगळे अडकतात. माझ्याकडं पाहतात, 'भाऊ, काय टाकू?' 'शेती' टाकू म्हटलं तर त्याला ते नको असते. 'काही नाही' टाकलं तर चेहरा पडतो. मग मी 'शिक्षण चालू' टाकून देतो, तिशीतल्या माणसाला. सोबत बाप आला असेल तर तो कधी खुर्चीवर बसत नाही, दारातच चप्पल घालून उभा राहतो, फी किती झाली एवढंच विचारतो.

तुमच्याकडं कसं आहे लिहा. उपदेश नको, पाहिलेलं लिहा.

कास्तकार_उमरखेड

राजेहो माफ करा पण मले हे पटून नाई रायलं. कामं गंज हायेत. माह्या वावरात कापूस बोंडातून लोंबून रायला, वेचाले मजूर नाई. किलोले दहा रुपये देतो म्हनलं तरी बाया दुसऱ्या गावाहून ऑटोनं आना लागतात, ऑटोचं भाडं माह्याच आंगावर. अन् हे पोट्टे दिवसभर पानठेल्यावर खर्रा घोटत बसतात. याईले डिप्रेशन नाई बाप्पा, आळस हाय आळस. आमच्या बापाले कोनतं डिप्रेशन आलं होतं?

वावरातला_इंजिनियर

काका राग समजतो तुमचा. पण एक विचारतो, तुमचा पोरगा जातो का दुसऱ्याच्या वावरात वेचायला?

कास्तकार_उमरखेड

तो अमरावतीले हाय ना. अभ्यासिका लावली त्यानं.

वावरातला_इंजिनियर

कितवं वर्ष?

कास्तकार_उमरखेड

माह्या घरचं इथं आनू नका.

डीएड_२००८

काकांना दोष देऊ नका, माझे वडील पण हेच म्हणतात आणि त्यांचं पण बरोबरच आहे एका अर्थी.

मी २००८ चा डीएड. तेव्हा बारावीला चांगले मार्क असलेले पोरं डीएडला जायचे हो, कारण कॉलेज संपलं की झेडपीची शाळा हे जवळजवळ ठरलेलं होतं, तालुक्यातालुक्यात कॉलेज निघाले होते. मग २०१२ ला भरती बंद, २०१३ पासून टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, २०१७ ला शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल, दरवेळी नवीन अट अन् नवीन आशा. मधल्या काळात मी एका विनाअनुदानित शाळेवर होतो, नाव घेत नाही, 'ग्रँट येणार आहे' या एका वाक्यावर तिथं आम्ही कितीतरी वर्ष काढली. सकाळी साडेदहाला प्रार्थना, हजेरी, परीक्षा, पंधरा ऑगस्टचं भाषण, सगळं खऱ्या मास्तरासारखं, फक्त पगार नाही. पंचायत समितीच्या ट्रेनिंगला गेलो की बाजूला बसलेला झेडपीचा मास्तर गृहकर्जाचं बोलायचा अन् मी मान हलवायचो.

आता मी काय करतो ते इथं टोपणनावानं आहे म्हणून लिहितो. मजुरीला जातो. फवारणी, वेचणी, जे असेल ते. पण आपल्या गावात नाही, तीस-चाळीस किलोमीटर दूर, जिथं मला कोणी ओळखत नाही. गावात मी सर आहे. ज्या पोरांना शिकवलं त्यांच्या बापाच्या वावरात मी टोपलं घेऊन कसा उभा राहू? बायकोला माहीत आहे, आईला 'शिकवणी घेतो' असं सांगून ठेवलेलं आहे. डब्याला जी पिशवी नेतो तिच्यात वरून दोन पुस्तकं असतात.

पैशाची तंगी सोसता येते हो, तंगी तर बापजाद्यांपासून आहे. मला सगळ्यात जास्त त्रास लग्नात होतो. पंगतीत बसलं की शेजारचा प्रेमानंच विचारतो, 'सर आता कोणत्या शाळेवर?' एवढ्यासाठी मी चुलत बहिणीच्या लग्नाला गेलो नाही, पोट बिघडलं म्हणून सांगितलं. अन् खरंच बिघडतं, ते खोटं नसतं, आदल्या रात्रीपासून मुरडा सुरू होतो.

पस्तिशीपार

सर दंडवत. लग्नाचं म्हणाल तर तुम्ही निदान दुसऱ्याच्या लग्नाला जायचं टाळता, आमचं स्वतःचंच राहिलं 😅

आठ एकर ओलित, ट्रॅक्टर, पक्कं घर. तरी पाहुणे बायोडाटा पाहून 'नोकरी?' एवढंच विचारतात. चपराशी चालते पण कास्तकार चालत नाही. मुलीकडच्यांना दोष देत नाही, माझी स्वतःची बहीण नोकरीवाल्यालाच दिली, कापसाचा भाव पाहूनच दिली. २०२२ च्या डिसेंबरात सोलापुरात पोरांनी घोड्यावर बसून मोर्चा काढला होता बायको द्या म्हणून, सगळ्यांनी हसून व्हिडिओ फॉरवर्ड केले, आमच्या ग्रुपवर पण आले. मी पण हसायचा इमोजी टाकला. दुसरं काय टाकणार.

मी बेरोजगार नाही, वर्षाला हिशोब केला तर काही नोकरीवाल्यांपेक्षा जास्तच पडते एखाद्या वर्षी. पण गावात माणूस म्हणून जी किंमत असते ना, घराचा कर्ता म्हणून, ती लग्नाशिवाय मिळत नाही अन् लग्न नोकरीशिवाय होत नाही. पस्तीस वर्षाचा झालो तरी पंगतीत मला वाढायलाच उभं करतात, पोरांसोबत.

एमए_सायको_अमरावती

धागा आवडला. पुस्तकी वाटेल पण एक संदर्भ टाकतेच, कारण वरचं सगळं वाचून तोच आठवला.

ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएंथाल नावाचं एक लहान गाव होतं, सगळं गाव एका कापडगिरणीवर जगायचं. १९३० च्या सुमारास गिरणी बंद पडली अन् जवळपास सगळं गाव एकदम रिकामं झालं. मारी याहोडा नावाची तरुण संशोधक अन् तिचे सहकारी तिथं लोकांच्या घरी गेले, त्यांचे जेवणखाण, दिवसाचा वेळ सगळं लिहून काढलं. गंमत म्हणजे वेळच वेळ असूनही वाचनालयातून पुस्तकं नेणं जवळपास निम्म्यावर आलं. पेपर घेणं कमी झालं, क्लब-मंडळं ओस पडली. त्यांनी खिडकीतून घड्याळ लावून लोकांची चालसुद्धा मोजली, तर पुरुष हळू चालतात अन् रस्त्यात उगाच थांबतात, बाया त्यामानानं भराभर चालतात, कारण त्यांना घरी स्वयंपाक आहे.

याहोडानं पुढं मांडलं की नोकरी पगार तर देतेच पण न मागता आणखी पाच गोष्टी देते. दिवसाचं वेळापत्रक, घराबाहेरची माणसं, सगळ्यांनी मिळून काही करतोय ही भावना, समाजातली ओळख, आणि हातापायाला नेमाचं काम. आता वरच्या पोस्टी पुन्हा वाचा. पोलीस भरतीवाल्या पोरांकडं पगार नाही पण पाचातल्या तीन-चार गोष्टी आहेत, म्हणून ते हसतात. डीएड सरांना मजुरी मिळते, पैसा थोडाफार आहे, पण ओळखच चोरून ठेवावी लागते. पस्तिशीपार यांच्याकडं काम अन् पैसा दोन्ही आहे, फक्त ओळख नाही.

२००९ ला पॉल अन् मोझर या दोघांनी आधीचे शेकडो अभ्यास एकत्र करून हिशोब काढला होता, त्यात बेरोजगारांमध्ये मानसिक त्रास असणारे ३४ टक्के अन् कामावर असलेल्यांमध्ये १६. म्हणजे दुपटीच्या वर. अन् त्रास पुरुषांना अन् हातानं काम करणाऱ्यांना जास्त, असं निघालं.

माहेर_राळेगाव

सायको ताई, तुमचं ते बायांचं मला पटलं नाही. बायांना स्वयंपाक असतो म्हणून त्यांना कमी त्रास, हे घड्याळ लावणाऱ्यांनी खिडकीतून पाहिलं, घरात बसून पाहायला पाहिजे होतं.

आमच्याकडच्या मजूर बायांचं काय झालं सांगते. आधी पऱ्हाटीत (कापसात) दोन-तीनदा निंदण, म्हणजे तण काढणं असायचं, दहा-बारा बायांचा ताफा सकाळी भाकरी बांधून निघायचा. आता तणनाशक. वरून ते मान्यता नसलेलं बियाणं, चोर बीटी म्हणतात ते, त्यावर तणनाशक मारलं तरी पऱ्हाटी मरत नाही, म्हणजे निंदणाची गरजच संपली. सोयाबीन काढायला हार्वेस्टर. एक माणूस पाठीवर पंप घेऊन दोन दिवसात ते करतो जे आमच्या बाया पंधरा दिवस करायच्या. राहिली फक्त वेचणी, म्हणून उमरखेडच्या काकांना त्या दोन महिन्यात मजूर कमी वाटतात, बाकीचे दहा महिने त्या बाया काय खातात ते कोणी विचारत नाही.

पैशाचं तर झालंच. पण तो ताफा होता ना, धुऱ्यावर बसून जेवायचं, कोणाची सून कशी, कोणाचा नवरा पिऊन आला, सासूला मनसोक्त शिव्या, ते सगळं तिथं निघायचं. घरी कोण ऐकते? आता त्याच बाया आपापल्या घरी. माझी जाऊ मजुरीलाच जायची, तीन वर्षापासून तिचं डोकं दुखते, आंग दुखते, रात्री छातीत धडधडते. सगळ्या तपासण्या केल्या, नॉर्मल. यवतमाळला दोनदा नेलं. डॉक्टर म्हणे काही नाही. 'काही नाही' कसं, तिला तर होते ना!

नवरा रिकामा बसला की अख्ख्या गावाला दिसते, पानठेल्यावर दिसते. बाई रिकामी झाली तर म्हणतात बरं झालं, घरी सुखात आहे.

लाडक्या बहिणीचे पंधराशे येतात आता २०२४ पासून, त्याचा आधार आहे खोटं बोलणार नाही. पण ज्या घरात नवऱ्याला काम नाही अन् बायकोच्या खात्यात पैसे येतात त्या घरातली भांडणं पण मी पाहून आहे. पैसे तिचे अन् हात उगारायचा ह्याचा, कारण ह्याच्याकडं दुसरं काही उरलंच नाही दाखवायला.

कास्तकार_उमरखेड

हे निंदणाचं बरोबर हाय. माह्याही वावरात तननाशकच.

चाकण_रिटर्न

मी पण लिहितो. चाकणला कंत्राटात होतो, कंपनीचं नाव नको. सात-आठ महिने झाले की ब्रेक देतात, परमनंट करावं लागू नये म्हणून, मग ठेकेदार बदलून पुन्हा घ्यायचे. यावेळी ब्रेक दिला अन् बोलावलंच नाही. गावात आलो तर लोक विचारायच्या आधीच सांगून टाकलं वर्क फ्रॉम होम आहे 😄 फिटरचं वर्क फ्रॉम होम! बरं कोणी उलटा प्रश्न केला नाही, सगळ्यांना वाटते कॉम्प्युटरचं असेल. सकाळी माळ्यावर लॅपटॉप घेऊन बसतो. मित्राचा जुना आहे, बॅटरी नाही, लाईन गेली की माझं ऑफिस सुटते.

रमी खेळायचो त्यावर अन् मोबाईलवर. आधी वेळ जावा म्हणून, मग हरलेले परत आणायला. किती गेले लिहीत नाही. २०२५ च्या ऑगस्टात कायदा आला पैशाच्या खेळांवर बंदीचा तेव्हा बंद झालं, मी बंद केलं असं म्हणता येत नाही.

मेळघाटातून

धारणी. इकडं तुमच्यासारखं वर्षभर 'घरी बसून' नसते, इकडं दिवाळीनंतर किंवा होळी झाली की घरंच्या घरं कुलूप लावून जातात, बांधकामावर, वीटभट्टीवर, कुठं कुठं. रोहयोचं काम मिळालं तर थांबतात. कायद्यात दिवसांची हमी आहे पण मस्टर (हजेरीपट) निघालं नाही किंवा पैसे महिनोन् महिने आले नाहीत तर कोण थांबणार. मागं राहतात ती म्हातारी माणसं. आम्ही शाळेवर शिकवतो म्हणून पाहतो, आजीजवळ राहिलेली पोरं वर्गात येऊन नुसती बसून राहतात, बोलत नाहीत. आईबापाचं काम गेलं की त्याचा परिणाम सात वर्षाच्या पोरावर कसा होतो हे कोणत्या सर्वेत येत असेल माहीत नाही. कोरकू घरात होळी सगळ्यात मोठा सण, त्याला सगळे परततात, त्या आठवड्यात तीच पोरं वेगळी असतात, वर्गात धिंगाणा.

ट्रेनी_ग्रामपंचायत

माझा प्रॉब्लेम उलटा आहे. २०२४ ला ती मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली, ग्रॅज्युएटला दहा हजार महिना, मी आमच्याच ग्रामपंचायतीत लागले. सहा महिने होतं मग वाढवून अकरा केलं. ते अकरा महिने सांगू का कसे गेले, सकाळी अंघोळ करून ड्रेस घालून ऑफिसात, लोक मॅडम म्हणायचे, मी दाखले लिहून द्यायची, ग्रामसेवक भाऊ मला विचारायचे कोणती फाईल कुठं आहे. आणि एक दिवस मुदत संपली. दुसऱ्या दिवशी मी त्याच ऑफिसात उत्पन्नाच्या दाखल्याच्या कामासाठी बाहेर लाईनीत उभी. माझ्याच हातचं रजिस्टर टेबलावर. आधीपेक्षा आता जास्त वाईट वाटते, आधी माहीतच नव्हतं ना काय असते ते. आई म्हणते लग्न करून टाकू, म्हणजे तिच्या मते तो पण एक जॉबच.

धापेवाडा_बॉय

+१ ताई. सेम.

सिस्टर_ग्रामीण_रुग्णालय

उशिरा आले धाग्यावर, नाईट होती.

माहेर_राळेगाव ताई, तुमच्या जावेचं जे आहे ते आमच्या ओपीडीत रोज येते. कोणी 'मला उदास वाटते' असं म्हणत नाही हो इकडं. 'घाबरते', 'आंग जड पडते', 'झोप लागत नाही', 'डोक्यात मुंग्या', 'भूक मेली' हे म्हणतात. पुरुष असेल तर अॅसिडिटी अन् कंबर. मग बी-कॉम्प्लेक्स, सलाईन लावून द्या म्हणतात, अन् सलाईन लावलं की दोन दिवस बरं पण वाटते, कारण दोन तास कोणीतरी जवळ बसलेलं असते. 'तपासण्या नॉर्मल' म्हणजे आजार नाही असं नाही. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, त्यांची टीम ठरलेल्या वारी ग्रामीण रुग्णालयात पण येते, तुमच्याकडं कोणता वार ते आशाताईला विचारा. केसपेपरवर वेड्याचा शिक्का वगैरे मारत नाहीत.

अमरावती जिल्ह्यात काही वर्षांपूर्वी ३० गावात एक प्रकल्प झाला होता, विश्राम नावाचा. गावातल्याच माणसांना शिकवून घरोघर बोलायला पाठवलं. आधी डिप्रेशन असलेल्या शंभरातले चार जेमतेम मदत घ्यायचे, दीड वर्षात ते सत्तावीसपर्यंत गेलं. औषध आभाळातून नाही पडलं, कोणीतरी ओट्यावर येऊन बसलं अन् विचारलं, एवढंच झालं.

एक गोष्ट मला वेगळी दिसते. ज्याचं काम नुकतंच गेलं तो तडफडतो, चिडतो, भांडतो. मला त्याची भीती कमी वाटते. जो वर्ष-दोन वर्षानंतर एकदम शांत होतो, दाढी करत नाही, मोबाईलसुद्धा पाहत नाही, दुपारी झोपून राहतो अन् घरचे म्हणतात 'आता त्रास देत नाही', त्याच्याकडं जास्त लक्ष द्या. अन् कोणी 'माझ्यामागं तुम्ही सुटाल' अशा अर्थाचं काही बोललं तर ते मस्करी समजू नका, त्याला एकटं ठेवू नका, सरळ विचारा अन् दवाखान्यात घेऊन या. विचारल्यानं डोक्यात तसला विचार शिरतो हा गैरसमज आहे. टेली-मानस १४४१६, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात.

पस्तिशीपार

सिस्टर, तिथं फोन केला तर गावात कळते का?

सिस्टर_ग्रामीण_रुग्णालय

नाही हो. तुम्ही फोन करता, ते बोलतात, गरज वाटली तर पुढं कुठं दाखवायचं ते सांगतात. गावात कोणाला कळवत नाहीत.

चाकण_रिटर्न

मी केला होता एकदा रात्री. पोरगी होती पलीकडं, माझ्याच वयाची असेल. पहिल्यांदा मी 'मित्रासाठी विचारतो' म्हणालो 😄 तिनं पण मित्राचंच म्हणून ऐकून घेतलं सगळं.

वावरातला_इंजिनियर

सगळ्यांचे आभार नाही मानत, तुम्ही लिहिलं ते बरं केलं. सिस्टर, तो नंबर मोठ्या अक्षरात प्रिंट काढून दुकानात लावतो, फोटो-आधार-झेरॉक्सच्या रेटबोर्डाखाली, म्हणजे कोणी एकटा त्याच्याकडं पाहतो आहे असं वाटणार नाही.

डीएड सर, तुमची पोस्ट मी दोनदा वाचली. काही सुचत नाही लिहायला.

डीएड_२००८

लिहू नका काही. कास्तकार काका, तुमचा कापूस वेचायचा राहिला आहे का अजून? गाव व्यनित (खाजगी निरोपात) सांगा. आम्ही तीन-चार जण येऊ शकतो या हप्त्यात, एक गाडी आहे आमच्याकडं. दोघं बीएड आहेत.

कास्तकार_उमरखेड

राहिला हाय ना, गंज राहिला. व्यनि केला. या सर. किलोले अकरा देईन.

डीएड_२००८

चालते. फक्त वावरात सर म्हणू नका काका.

कास्तकार_उमरखेड

बरं. डबा घरून आना, पान्याची सोय हाय. वजनकाटाही माह्याच घरचा, मोजमाप समोरच करू.